लिनक्सचा राइटबॅक: रॅममधला डेटा डिस्कवर कधी आणि कसा पोचतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना, डेटाबेस चालवणाऱ्यांना आणि फाइलमध्ये काही जपून ठेवणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हे प्रश्न कधी ना कधी पडतातच. इथली उत्तरं लिनक्स कर्नलबद्दल आहेत. आकडे कर्नलच्या मूळ सेटिंगचे आहेत. तुमच्या डिस्ट्रिब्युशनने ते बदललेले असू शकतात. कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

प्रोग्रॅमने फाइलमध्ये लिहिलं, एरर आली नाही. मग डेटा डिस्कवर गेला असं समजायचं का?

नाही. खालची बहुतेक उत्तरं या एका ‘नाही’तूनच निघतात.

‘राइट’ हा सिस्टिम कॉल केला की कर्नल तुमच्या प्रोग्रॅमच्या मेमरीतले बाइट उचलून स्वतःच्या पेज कॅशमध्ये ठेवतो. पेज कॅश म्हणजे फाइलींचा मजकूर ठेवण्यासाठी कर्नलने वापरलेली रॅम. नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर तिचा हिशोब ४ केबीच्या पेजमध्ये चालतो. ज्या पेजमध्ये बदल झाला त्यावर ‘डर्टी’ अशी खूण होते आणि कॉल परततो. डिस्कला अजून हातही लागलेला नसतो. ‘राइट’ यशस्वी झालं याचा अर्थ इतकाच, की कर्नलने डेटा ताब्यात घेतला आणि यापुढे त्या मशीनवर ती फाइल वाचणाऱ्याला नवा मजकूर दिसेल. दुकानातली विक्री कच्च्या वहीत उतरली आहे, खतावणीत चढायची आहे, अशी ही अवस्था.

कर्नलच्याही आधी आणखी एक थर असतो, तो बरेच जण विसरतात. सीमधलं ‘एफप्रिंटएफ’ किंवा पायथनमधलं ‘राइट’ हे आधी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या बफरमध्ये लिहितं. तो बफर भरेपर्यंत किंवा तुम्ही ‘फ्लश’ म्हणेपर्यंत कर्नलला त्या डेटाचा पत्ताच नसतो.

मग माझा प्रोग्रॅम क्रॅश झाला तर लिहिलेलं जाईल का?

प्रोग्रॅमच्या बफरमध्ये अडकलेलं जाईल. कर्नलकडे पोचलेलं जाणार नाही. पेज कॅश कर्नलची आहे, प्रोग्रॅमची नाही. प्रोग्रॅम ‘किल’ केला तरी डर्टी पेजेस आपल्या वेळेला डिस्कवर जातात. धोका आहे तो वीज जाण्याचा, कर्नल पॅनिकचा (कर्नलच कोलमडण्याचा) आणि रीसेट बटणाचा. चाचणी करताना प्रोग्रॅम ‘किल’ करून ‘डेटा टिकला’ असा निष्कर्ष काढणारे अनेक असतात. त्या चाचणीतून टिकाऊपणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

कर्नल लगेच का लिहीत नाही?

रॅम आणि डिस्क यांच्या वेगात प्रचंड अंतर आहे, हे पहिलं कारण. पण फायदा केवळ वाट न पाहण्याचा नाही. तेच पेज दहा वेळा बदललं तर शेवटची एकच आवृत्ती डिस्कवर लिहावी लागते. शेजारशेजारची पेजेस एकत्र करून मोठी विनंती करता येते. कंपायलरने बनवलेली आणि काही सेकंदांत पुसलेली तात्पुरती फाइल तर डिस्कपर्यंत न जाताच संपते. शिवाय एक्स्ट४, एक्सएफएस, बीटीआरएफएस या फाइलसिस्टिम फाइलला डिस्कवर जागा कुठे द्यायची हा निर्णयही लिहायची वेळ येईपर्यंत पुढे ढकलतात. तोवर फाइलचा आकार बराचसा कळलेला असतो, त्यामुळे सलग जागा देता येते.

लिहिण्याचं काम कोण करतं?

कर्नलचे स्वतःचे थ्रेड. या थ्रेडांची पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी मला फार बोलकी वाटते.

जुन्या युनिक्समध्ये ‘अपडेट’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम दर ३० सेकंदांनी ‘सिंक’ करायचा, म्हणजे सगळा डर्टी डेटा डिस्कवर लिहायला सांगायचा, बस्स. लिनक्स २.४ मध्ये दोन थ्रेड होते: डर्टी डेटा वाढला की जागा होणारा ‘बीडीफ्लश’ आणि ठरावीक अंतराने फिरणारा ‘केअपडेट’. २.६ मध्ये त्यांच्या जागी ‘पीडीफ्लश’ आला. गरजेनुसार त्याचे २ ते ८ थ्रेड असत आणि ते सगळ्या डिस्कसाठी सामाईक असत. गोम तिथेच होती. संथ डिस्कच्या रांगेत थ्रेड अडकला, तर वेगवान डिस्कचं कामही खोळंबायचं. ते टाळायला थ्रेड भरलेल्या रांगेपासून लांब राहायचे, मग गर्दी असलेल्या डिस्कची उपासमार व्हायची.

डिसेंबर २००९ मधल्या २.६.३२ आवृत्तीत येन्स आक्सबो यांनी ही रचना बदलली. प्रत्येक साठवण-उपकरणाला स्वतंत्र फ्लशर थ्रेड मिळाला. पुढे २०१३ मध्ये, ३.१० आवृत्तीत, हे काम कर्नलच्या सामाईक वर्कक्यूवर (कामांच्या रांगेवर) गेलं. म्हणून आज ‘टॉप’मध्ये ‘केवर्कर’ आणि त्याच्या नावात ‘फ्लश-८:०’ असं काही दिसतं. ८:० म्हणजे सहसा पहिली साटा डिस्क. एनव्हीएमई डिस्कला २५९ पासून सुरू होणारा क्रमांक दिसेल. तो थ्रेड व्हायरस नाही, आणि त्याला थांबवायचीही गरज नाही.

कोणती पेजेस डर्टी आहेत, हे कर्नल कसं लक्षात ठेवतो?

दोन पातळ्यांवर. ज्या फाइलमध्ये डर्टी पेज आहे तिचा इनोड (फाइलचा आकार, वेळा, जागा अशी माहिती ठेवणारी नोंद) त्या उपकरणाच्या यादीत जातो, आणि तो पहिल्यांदा डर्टी कधी झाला ती वेळ नोंदली जाते. फाइलच्या आत, पेजेस ज्या वृक्षरचनेत ठेवलेली असतात तिच्यात ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ अशा खुणा असतात. त्यामुळे लाख पेजेसच्या फाइलमधली तीन डर्टी पेजेस शोधायला सगळी फाइल चाळावी लागत नाही.

फाइल मेमरीत मॅप करून थेट लिहिणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत ‘राइट’ कॉल होतच नाही. तिथे कर्नल पेज आधी ‘फक्त वाचण्यासाठी’ असं ठेवतो. पहिल्यांदा लिहायला गेलं की पेज फॉल्ट होतो, तेव्हा डर्टीची नोंद होते. राइटबॅक सुरू होताना पेज पुन्हा लिहिण्यापासून बंद केलं जातं, म्हणजे पुढचा बदलही नजरेतून सुटत नाही.

नेमकं कधी लिहिलं जातं?

चार सेटिंग यावर राज्य करतात. ‘/प्रॉक/सिस/व्हीएम’ या फोल्डरमध्ये ती दिसतात.

‘डर्टी राइटबॅक सेंटीसेक्स’ मुळात ५०० असतं. म्हणजे दर ५ सेकंदांनी फ्लशर जागा होऊन पाहतो. ‘डर्टी एक्स्पायर सेंटीसेक्स’ ३००० असतं, म्हणजे ३० सेकंदांहून जुना डर्टी डेटा त्या फेरीत लिहायला काढला जातो. दोन्ही मिळून, मशीन निवांत असेल तर ‘राइट’पासून साधारण ३० ते ३५ सेकंदांत लिहायला सुरुवात होते. सुरुवात, शेवट नव्हे. डिस्क व्यग्र असेल तर पुढे किती वेळ लागेल याला वरची मर्यादा नाही. ‘लिनक्स ३० सेकंदांत डेटा लिहितोच’ हे वाक्य म्हणूनच चूक आहे.

उरलेली दोन वयाकडे नाही, प्रमाणाकडे पाहतात. ‘डर्टी बॅकग्राउंड रेशो’ १० टक्के: डर्टी डेटा याच्यावर गेला की ३० सेकंदांची वाट न पाहता फ्लशर कामाला लागतो, पण प्रोग्रॅमना त्रास देत नाही. ‘डर्टी रेशो’ २० टक्के: डर्टी डेटा याच्यापुढे जाऊ नये यासाठी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच धीमं केलं जातं.

याशिवाय ‘सिंक’, ‘एफसिंक’ (एका फाइलपुरतं ‘सिंक’), अनमाउंट हे प्रसंग आहेतच. रॅमची टंचाई झाली तरी राइटबॅकला धक्का मिळतो, कारण डर्टी पेज डिस्कवर लिहिल्याशिवाय रिकामं करता येत नाही.

फक्त फाइलच्या वेळा बदलल्या असतील तर हिशोब वेगळा असू शकतो. ‘लेझीटाइम’ पर्यायाने माउंट केलेल्या फाइलसिस्टिमवर, ४.० आवृत्तीपासून, निव्वळ वेळेचा बदल तब्बल १२ तास रॅममध्ये राहू शकतो.

२० टक्के कशाचे? एकूण रॅमचे?

नाही, आणि इथे फार जण चुकतात. मोकळी रॅम अधिक फाइलींच्या मजकुराने व्यापलेली पेज कॅश, एवढ्याच मेमरीचे ते टक्के आहेत. डेटाबेसने किंवा जाव्हाने स्वतःसाठी घेतलेली मेमरी यात धरत नाहीत. १६ जीबीच्या मशीनवर प्रोग्रॅमनी ४ जीबी व्यापली असेल तर ढोबळमानाने १२ जीबी उरते. बॅकग्राउंडची पातळी १.२ जीबी, वरची पातळी २.४ जीबी. तुमच्या मशीनवर या घडीला असलेला खरा आकडा ‘/प्रॉक/व्हीएमस्टॅट’मध्ये ‘एनआर डर्टी थ्रेशोल्ड’ आणि ‘एनआर डर्टी बॅकग्राउंड थ्रेशोल्ड’ या ओळींत मिळतो. तो पेजमध्ये असतो, ४ केबीने गुणा.

माझा प्रोग्रॅम सुसाट लिहीत असतो आणि मध्येच रखडतो. का?

कर्नल मुद्दाम ब्रेक लावतो. वरच्या उदाहरणात ब्रेक २.४ जीबीवर एकदम लागत नाही. दोन पातळ्यांच्या मधोमध, म्हणजे १.८ जीबीपर्यंत, मोकळीक असते. तिथून पुढे प्रत्येक लिहिणाऱ्याला थोडं थोडं झोपवायला सुरुवात होते. डिस्क सध्या किती वेगाने लिहिते आहे याचा अंदाज कर्नल सतत घेत असतो, आणि लिहिणाऱ्यांचा एकत्रित वेग त्या वेगाशी जुळेल अशा बेताने डुलक्या देतो. एक डुलकी जास्तीत जास्त २०० मिलिसेकंदांची.

पूर्वी असं नव्हतं. ३.२ आवृत्तीच्या आधी मर्यादा ओलांडणाऱ्या प्रोग्रॅमलाच पेजेस डिस्कवर लिहायला जुंपलं जायचं. दहा प्रोग्रॅम दहा वेगवेगळ्या फाइली एकाच वेळी लिहू लागले की फिरत्या डिस्कचं डोकं इकडून तिकडे धावायचं आणि सगळ्यांचाच वेग कोसळायचा. वू फेंगगुआंग यांनी जानेवारी २०१२ च्या ३.२ मध्ये हे बदललं: लिहायचं काम फक्त फ्लशरचं, प्रोग्रॅमने नुसतं थांबायचं. कर्नलमधला हा बदल ज्यांनी त्या काळात फाइल सर्व्हर चालवले त्यांना विशेष जाणवला असणार.

आधी सुसाट आणि मग रखडणं, यातला ‘सुसाट’ भाग हा डिस्कचा वेग नव्हताच, रॅमचा होता. ब्रेक लागल्यानंतरचा वेग हाच खरा.

‘डीडी’ या कॉपी करायच्या कमांडने मोजलेला डिस्कचा वेग खरा मानायचा का?

त्याच कारणाने, नाही. ‘कॉन्व्ह=एफसिंक’ हा पर्याय दिलात तर शेवटचा बाइट डिस्कवर जाईपर्यंतचा वेळ मोजणीत येतो. ‘ओफ्लॅग=डायरेक्ट’ दिलात तर पेज कॅश बाजूला ठेवून लिहिलं जातं. यांपैकी काहीही न देता आलेला दर सेकंदाला २ जीबीचा आकडा कुणाला दाखवू नका.

पेनड्राइव्हवर कॉपी ‘पूर्ण झाली’ म्हणतं, पण काढायला गेलं की पाच मिनिटं लावतं. हे काय?

पुन्हा तोच हिशोब. दीड जीबीची फाइल १.८ जीबीच्या आत बसते, म्हणून कॉपी रॅमच्या वेगाने ‘संपते’. पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबीने लिहीत असेल तर ती फाइल खरोखर उतरायला अडीच मिनिटं हवीत. अनमाउंट ते काम पूर्ण होईपर्यंत थांबतं. थांबू द्या. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून काढता येणाऱ्या ड्राइव्हसाठी लिखाण साठवून न ठेवण्याचं धोरण मूळ सेटिंग झालं आहे. तिकडच्या सवयीने लिनक्सवर पेनड्राइव्ह उपसणाऱ्यांच्या फाइली अर्धवट राहतात.

याहून वाईट बाजू अशी, की संथ पेनड्राइव्हचा डर्टी डेटा सामाईक मर्यादेतला मोठा वाटा खाऊन बसू शकतो, आणि मग वेगवान डिस्कवर लिहिणारे प्रोग्रॅमही रखडतात. कर्नल प्रत्येक उपकरणाच्या अलीकडच्या वेगानुसार मर्यादेचे वाटे पाडतो खरा, पण एकूण डर्टी डेटा मोकळिकीच्या पातळीखाली असेपर्यंत ते वाटे काटेकोरपणे लागू होत नाहीत. ‘/सिस/क्लास/बीडीआय’ फोल्डरमध्ये त्या उपकरणाचा ‘मॅक्स रेशो’ कमी करता येतो. नव्या कर्नलमध्ये ‘स्ट्रिक्ट लिमिट’ही आहे, जी वाटा पहिल्यापासून सक्तीने पाळायला लावते. पेनड्राइव्हसाठी हीच वागणूक मुळात असायला हवी होती, असं माझं मत आहे.

मग डर्टी रेशो बदलावेत का?

भरपूर रॅमच्या मशीनवर, हो, विचार जरूर करा. टक्केवारीची पद्धत आली तेव्हा रॅम मेगाबाइटमध्ये मोजत. २५६ जीबीच्या सर्व्हरवर २० टक्के म्हणजे ५० जीबीच्या आसपास न लिहिलेला डेटा. एखाद्या प्रोग्रॅमने ‘सिंक’ केलं तर तो सगळा डोंगर उपसेपर्यंत थांबावं लागेल. अशा ठिकाणी टक्क्यांऐवजी ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ आणि ‘डर्टी बाइट्स’ वापरा. बाइटमधली किंमत दिली की तिची टक्केवारीची जोडीदार आपोआप शून्य होते. अंदाज ठरवायची माझी पद्धत: डिस्क एक-दोन सेकंदांत जेवढं लिहू शकेल तेवढी बॅकग्राउंड पातळी, त्याच्या तिप्पट-चौपट वरची पातळी, मग प्रत्यक्ष कामाखाली मोजून बदल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. हे आकडे डेटा सुरक्षित ठेवण्यासाठी नाहीत. एक्स्पायरची वेळ ३० वरून ५ सेकंद केली म्हणजे तुमचा डेटाबेस सुरक्षित झाला, असं नाही. हरवण्याची खिडकी लहान झाली, इतकंच. ज्याला एकही व्यवहार गमवायचा नाही त्याने ‘एफसिंक’ करावं, आकड्यांशी खेळू नये.

फाइल ‘क्लोज’ केल्यावर तरी डेटा डिस्कवर जातो ना?

नाही. ‘क्लोज’ फक्त प्रोग्रॅमचा बफर रिकामा करून कर्नलकडे देतं (तुम्ही भाषेच्या लायब्ररीतून फाइल उघडली असेल तर). एनएफएस (नेटवर्कवरून वापरायची फाइलसिस्टिम) हा अपवाद: तिथे बंद करताना डेटा सर्व्हरकडे पाठवला जातो, म्हणून तिथे ‘क्लोज’ची एररही तपासावी.

‘एफसिंक’ नेमकं काय करतं?

त्या एका फाइलची सगळी डर्टी पेजेस डिस्कला पाठवतं, ती पूर्ण होईपर्यंत थांबतं, इनोडमधली माहिती टिकवतं, आणि शेवटी डिस्कलाही तिच्या आतली कॅश रिकामी करायला सांगतं. हे सगळं झाल्यावरच शून्य परत येतं. ‘एफडेटासिंक’ थोडं कमी करतं: केवळ बदलाची वेळ बदलली असेल तर ती लिहीत नाही, पण फाइलचा आकार वाढला असेल तर तो लिहितं, कारण त्याशिवाय डेटा परत वाचताच येणार नाही. ‘सिंक’ साऱ्या फाइलसिस्टिमवर चालतं, ‘सिंकएफएस’ एकाच फाइलसिस्टिमवर.

‘सिंक फाइल रेंज’ हे नाव फसवं आहे. ते फाइलच्या ठरावीक भागाचा राइटबॅक सुरू करतं, हवं तर त्यासाठी थांबतं, पण इनोडची माहिती लिहीत नाही आणि डिस्कची कॅशही रिकामी करत नाही. टिकाऊपणासाठी ते वापरू नका. मोठ्या ‘एफसिंक’च्या आधी काम हळूहळू पुढे सरकवायला ते चांगलं आहे, पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस लिनक्सवर त्यासाठीच ते वापरतो.

पायथनमध्ये आधी फाइलचं ‘फ्लश’, मग ‘ओएस.एफसिंक’. गोमध्ये फाइलचं ‘सिंक’. जाव्हात फाइलचॅनेलचं ‘फोर्स’. मॅकओएसवर साधं ‘एफसिंक’ डिस्कची आतली कॅश रिकामी करत नाही, तिथे ‘एफ फुलएफसिंक’ लागतं.

कॉन्फिगची फाइल नव्याने लिहायची आहे. जुनी किंवा नवी, दोन्हींपैकी एक तरी शाबूत राहायला हवी. काय करू?

त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहा. तिला ‘एफसिंक’ करा. मग ‘रीनेम’ करून जुन्या नावावर आणा. शेवटी फोल्डर उघडून त्यालाही ‘एफसिंक’ करा, कारण नाव ही फोल्डरमधली नोंद आहे आणि फाइलच्या ‘एफसिंक’ने ती टिकेलच याची हमी नाही.

यातलं दुसरं पाऊल गाळलं तर काय होतं ते २००९ च्या सुरुवातीला अनेकांनी अनुभवलं. एक्स्ट३ फाइलसिस्टिम मूळ सेटिंगमध्ये दर ५ सेकंदांनी जर्नल (बदलांची आधी केली जाणारी नोंद) पक्कं करायची, आणि त्याआधी संबंधित फाइलींचा डेटा लिहून टाकायची. त्यामुळे ‘एफसिंक’ न करणारे प्रोग्रॅमही सहसा निभावून जायचे. एक्स्ट४ ने जागा देणं लांबणीवर टाकायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं: ‘रीनेम’ काही सेकंदांत जर्नलमध्ये पक्कं व्हायचं, पण नव्या फाइलच्या डेटाला अजून जागाच दिलेली नसायची. त्या मधल्या काळात मशीन बंद पडलं की नाव नवं, लांबी शून्य. डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली रिकाम्या झाल्याच्या तक्रारी आल्या. एक्स्ट४ चे मुख्य डेव्हलपर टेड त्सो यांनी ठामपणे सांगितलं की पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या मानकाच्या) नियमांप्रमाणे ‘एफसिंक’ करणं प्रोग्रॅमचं काम आहे, आणि तरीही २.६.३० मध्ये उपाय घातला: जुन्या फाइलवर ‘रीनेम’ होत असेल तर नव्या फाइलच्या डेटाला तेव्हाच जागा देऊन तो लिहायला काढायचा. नियम सांगणं आणि वापरणाऱ्याचा डेटा वाचवणं, दोन्ही त्यांनी केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. पण हा उपाय म्हणजे हमी नाही. ‘एफसिंक’ करा.

‘एफसिंक’ने एरर दिली. पुन्हा करून पाहू?

नको. या पानावरचं हे सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे.

मनात येणारा विचार असा: ‘एफसिंक’ अपयशी ठरलं म्हणजे पेजेस अजून डर्टी असतील, पुन्हा हाक मारली की कर्नल पुन्हा प्रयत्न करेल. पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या जबाबदार डेटाबेसचीही अनेक वर्षं हीच समजूत होती. मार्च २०१८ मध्ये क्रेग रिंगर यांनी त्यांच्या डेव्हलपरांपुढे एका खऱ्या घटनेवरून मांडलं की लिनक्स असं वागत नाही. डिस्कवर लिहिताना एरर आली की कर्नल ती नोंदवतो, पण पेजवरची ‘डर्टी’ खूण आधीच निघालेली असते आणि ती परत लावली जात नाही. पहिलं ‘एफसिंक’ एरर देतं. दुसऱ्या ‘एफसिंक’ला लिहिण्यासारखं काही सापडत नाही, म्हणून ते आनंदाने शून्य परत करतं. डेटाबेस समजतो चेकपॉइंट पूर्ण झाला, म्हणजे तोवरचं सगळं डिस्कवर पोचलं, आणि त्या डेटाचा जुना लॉग काढून टाकतो. डेटा गेला, आणि कुणालाही कळलं नाही. एक्स्ट४ मध्ये तर ते पेज नव्या मजकुरासह रॅममध्ये राहू शकतं. वाचलं तर बरोबर दिसतं, रॅममधून निघून गेलं की डिस्कवरचा जुना मजकूर समोर येतो.

कर्नलवाल्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. डिस्क मेली किंवा पेनड्राइव्ह उपसला, तर तिची डर्टी पेजेस कायमची धरून ठेवायची का? अशाने रॅम भरत जाईल आणि मोकळी कधीच होणार नाही. हा पेच खरा आहे. पण एरर कळवण्याच्या पद्धतीतले दोष हा पेच नव्हता, ती सुधारण्यासारखी गोष्ट होती. ४.१३ च्या आधी एररची एकच खूण फाइलवर असायची आणि जो पहिला विचारेल त्याला ती मिळून पुसली जायची. दुसऱ्या प्रोग्रॅमला ‘सगळं ठीक’ असंच उत्तर. ४.१३ मध्ये जेफ लेटन यांच्या कामामुळे फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला एरर एकदा तरी मिळू लागली. ४.१७ मध्ये आणखी दुरुस्ती झाली: कुणालाच न कळलेली एरर असेल, तर नंतर फाइल उघडणाऱ्यालाही ती मिळते. मधल्या काळात इनोडच रॅममधून गेला तर मात्र ती नोंदही जाते.

पोस्टग्रेएसक्यूएलने फेब्रुवारी २०१९ च्या ११.२ आणि सोबतच्या आवृत्त्यांत धोरण बदललं. ‘एफसिंक’ फसलं की सर्व्हर पॅनिक करून थांबतो आणि पुन्हा सुरू होताना लॉगमधून सगळं नव्याने लिहितो. तुमच्या प्रोग्रॅमनेही हेच करावं: तुमच्याकडे असलेल्या मूळ प्रतीवरून डेटा पुन्हा ‘राइट’ करा, शक्यतो दुसऱ्या जागी, आणि मग ‘एफसिंक’ करा. मूळ प्रत हातात नसेल तर थांबा आणि माणसाला हाक मारा. ‘एफसिंक’चं परत आलेलं मूल्य न तपासणारा कोड मी कुठेही पाहिला की अस्वस्थ होतो.

डिस्कच्या आतही कॅश असते. तिचं काय?

हार्ड डिस्क आणि एसएसडी ‘लिहिलं’ म्हणतात तेव्हा डेटा त्यांच्या आतल्या रॅममध्येच असू शकतो. म्हणून कर्नल ‘एफसिंक’च्या आणि जर्नल पक्कं करण्याच्या वेळी त्यांना ‘फ्लश’ हुकूम देतो, किंवा एखाद्या विनंतीवर ‘एफयूए’ खूण लावतो, म्हणजे तेवढा डेटा थेट टिकाऊ माध्यमावर जावा. सर्व्हरसाठीच्या चांगल्या एसएसडीत वीज गेल्यावर ती कॅश उतरवून घेण्यापुरते कपॅसिटर असतात. त्यांच्यावर ‘फ्लश’ जवळजवळ फुकट पडतो, आणि सतत ‘एफसिंक’ करणाऱ्या कामात अशी एसएसडी घरगुती एसएसडीच्या कितीतरी पट पुढे जाते. डेटाबेससाठी डिस्क घेताना मी जाहिरातीतल्या वेगाच्या आधी हे बघेन. वेगासाठी ‘बॅरियर=०’ने, म्हणजे हे ‘फ्लश’ हुकूम बंद करून, माउंट करण्याचा सल्ला कुठे दिसला तर वीज गेल्यावर टिकणारी कॅश नसलेल्या मशीनवर तो पाळू नका.

‘ओ डायरेक्ट’ वापरलं तर ‘एफसिंक’ची गरज नाही ना?

आहे. ‘ओ डायरेक्ट’ पेज कॅश टाळतं, डिस्कची कॅश नाही, आणि फाइलच्या नव्या जागेची नोंदही आपोआप टिकवत नाही.

फाइलसिस्टिमला जर्नल आहे. तरी डेटा जातो?

एक्स्ट४ चं जर्नल मूळ सेटिंगमध्ये फक्त मेटाडेटा सांभाळतं: फोल्डर, इनोड, जागेची नोंद. क्रॅशनंतर फाइलसिस्टिम मोडलेली नसावी, हे त्याचं काम. तुम्ही शेवटच्या २० सेकंदांत लिहिलेली ओळ वाचवणं हे त्याचं काम नाही.

कंटेनरमध्ये हे नियम तसेच लागू होतात का?

सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाला मेमरीसारख्या गोष्टींची मर्यादा घालणारी कर्नलची सोय, कंटेनर तिच्यावरच चालतात) दुसऱ्या आवृत्तीत, हो, कंटेनरच्या हिशोबाने. एक्स्ट४, बीटीआरएफएस, एक्सएफएससारख्या फाइलसिस्टिमवर डर्टी पेजचा हिशोब सीग्रुपनिहाय होतो, आणि टक्के त्या सीग्रुपला मिळालेल्या मेमरीचे धरले जातात. ५१२ एमबीच्या कंटेनरला मोठी फाइल लिहिताना ब्रेक लवकर लागतो तो यामुळे. एक मेख लक्षात ठेवा: राइटबॅकसाठी एका इनोडचा मालक एकच सीग्रुप असतो, जो जास्त लिहितो तो. दोन कंटेनर एकाच फाइलमध्ये लिहीत असतील तर हिशोब चुकीच्या खात्यावर पडू शकतो.

‘ड्रॉप कॅशेस’ केलं तर न लिहिलेला डेटा जाईल?

जाणार नाही. ते फक्त स्वच्छ पेजेस टाकतं. आधी ‘सिंक’ केलंत तर जास्त पेजेस मोकळी होतील, एवढंच. चालत्या सर्व्हरवर ते वेळापत्रकाने करण्यात मात्र नुकसानच आहे, पुढचं प्रत्येक वाचन डिस्कवरून होतं.

या घडीला काय चाललं आहे ते कुठे बघू?

‘/प्रॉक/मेमइन्फो’मधल्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या दोन ओळी दर सेकंदाला बघत राहा. पहिली लिहायची बाकी दाखवते, दुसरी डिस्ककडे निघालेली. ‘डर्टी’ भरपूर आणि ‘राइटबॅक’ शून्य: अजून वेळ किंवा पातळी आलेली नाही, काळजी नको. ‘राइटबॅक’ बराच वेळ मोठा आणि ‘डर्टी’ हलत नाही: डिस्क कमी पडते आहे किंवा आजारी आहे. ‘पीएस’मध्ये ‘डी’ अवस्थेत (सहसा डिस्कची वाट पाहत) अडकलेल्या प्रोसेस आणि कर्नल लॉगमध्ये ‘१२० सेकंदांहून अधिक अडकलेली’ अशा अर्थाचा इशारा दिसला, तर लॉगमध्येच त्याच्या वर-खाली आय/ओ एरर शोधा आणि डिस्कच्या तब्येतीचा ‘स्मार्ट’ अहवाल काढा. मशीन पूर्ण गोठलं असेल आणि कीबोर्डचा मॅजिक सिसआरक्यू (कर्नलला थेट हुकूम देण्याची सोय) चालू असेल, तर रीसेटआधी ‘ऑल्ट + सिसआरक्यू + एस’ दाबा. कर्नल शेवटचं ‘सिंक’ करायचा प्रयत्न करतो, आणि ते झाल्याची ओळ कन्सोलवर येईपर्यंत बटणाला हात लावू नका.